मधेच उठायचं असेल तर

कर्वेनगर, दुसरा मजला, दारावर पाटी :
"वर्ग चारला सुरू होतो. सव्वाचारला येणाऱ्यांनी
खालच्या बाकावर बसून पुढच्या शनिवारची वाट पाहावी."
मी पावणेचारलाच पोचलो.
नऊ जणी आणि मी.
चित्कलाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
"कोणाला सोडायला आलात?"
म्हटलं, शिकायला.

फोमची गोल चकती, कडेला बत्तीस खाचा,
मधे भोक. आठ धागे.
खालचा डावा वर, वरचा उजवा खाली,
चकती फिरवा.
जपानीत कुमिहिमो, बाई म्हणाल्या, आपल्याकडे गोफच म्हणा.
गोफ म्हटल्यावर मला पाचवीचं स्नेहसंमेलन आठवलं.
मी एकटा उलट्या बाजूने फिरलो होतो
आणि सबंध तुकडीचा गुंता
हेडमास्तरांनी कात्रीने सोडवला होता.

त्यानंतर तीस वर्षं टेलिफोन खात्यात केबल जोडली.
रस्त्यातला खड्डा, वर ताडपत्रीचा तंबू,
आत मी, कंदील, बाराशे जोड्या.
पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा,
ही बाराखडी मी अजून झोपेत म्हणतो म्हणे.
अलका चौकात एक तार चुकली
की सदाशिव पेठेतला जावई
नारायण पेठेतल्या भलत्याच सासऱ्याशी बोलायचा.
साहेब माझे जोड ओढून पाहायचे.
एकही सुटला नाही.

हे बाईंना सांगितलं नाही.
शालनचंही नाही.
सहकारनगर, सकाळचे सव्वासहा,
दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या, मागून मोटरसायकल.
सोनाराने जन्मभर टिकेल म्हणून दिलेली साखळी
टिकली.
सात-आठ पावलं शालन तिच्याबरोबर फरफटत गेली
तेव्हा कुठे तुटली.
मुठीत एक वाटी उरली,
मानेवर एक रेघ.
पोलिसांनी वजन विचारलं. साखळीचं.
तेव्हापासून गळा मोकळा, त्यावर स्कार्फ.
पुण्यात स्कार्फचं कोणाला नवल नाही,
एवढी एक सोय.

बोहरी आळीतून रेशीम आणलं.
सहा काळे, एक पांढरा, एक निळा :
जोडी नंबर एक.
खाली वजनाला जुनं पितळी कुलूप.
विणलेलं सगळं भोकातून खाली उतरत राहतं,
विणताना ते दिसत नाही.
बोटांना खड्ड्यातली सवय होती.

"मधेच उठायचं असेल," बाई म्हणाल्या,
"तर जोड्या जुळवून उठू नका.
नीटनेटकं ठेवून गेलात
तर परत आल्यावर कळणार नाही कुठे होतात.
एका बाजूला तीन धागे ठेवून उठा."

शालन आठ दिवस काही बोलली नाही.
नवव्या दिवशी भाजी निवडता निवडता,
मान वर न करता :
"ओढलं तर तुटेल ना?"

माझा हात थांबला.
जन्मभर हाच प्रश्न
मला उलटा विचारला गेला होता.

बाईंकडे डबीभर चुंबकं होती,
तांदळाएवढी, दोन टोकांना चिकटवायची.
मी सगळ्यात अशक्त जोडी मागितली.
बाईंनी पहिल्यांदाच कारण विचारलं नाही.

वाटी मधोमध ओवली. एकच.
शालनने आरशासमोर घातला, दोन बोटांनी ओढला.
टक्.
सबंध गोफ हातात.
परत लावला. टक्.
परत ओढला.
रात्री कुकरच्या शिट्ट्यांच्या मधेमधे
स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं,
टक्. टक्.

आज सकाळी दूध आणायला तीच गेली.
स्कार्फ खुंटीला.
मी गॅलरीत नवी चकती घेऊन बसलो होतो, विणत नव्हतो.
कोपऱ्यावर दिसेनाशी झाली तसा उठलो,
चपला शोधायला,
एका बाजूला तीन धागे ठेवून.